मोरपंखी, रामा आणि डोळ्याचा पडदा

डायबेटिस असलेली माणसं आमच्याकडे तपासणीच्या खुर्चीत बसली की पहिलं वाक्य बहुधा एकच असतं : "मला तसं सगळं नीट दिसतं हो, मुलीने पाठवलं म्हणून आलो." आणि त्यांना खरंच दिसत असतं. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ न अडखळता वाचतात. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. पुण्यात पेठेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर काढणं, थेंब घालणं, पडद्याचे (रेटिनाचे) फोटो घेणं, ओसीटी म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन काढणं हे माझं रोजचं काम. निदान आणि उपचार डॉक्टर करतात, पण फोटो पहिल्यांदा उमटतो तो माझ्या स्क्रीनवर. ६/६ वाचून दाखवणाऱ्या माणसाच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके विखुरलेले असतात आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो, हे मी फार वेळा बघितलंय.

रक्ताचे ठिपके निदान दिसतात तरी. आज जे लिहायचंय ते न दिसणाऱ्या नुकसानीबद्दल. डायबेटिसमधला डोळ्यांचा आजार म्हणजे रक्तवाहिन्यांचा आजार, असंच आपण सगळे म्हणत आलो. पण पडदा ही मुळात मज्जापेशींची चादर आहे, आणि साखरेचा मार त्या पेशींनाही बसतो. पुष्कळदा रक्तवाहिन्यांत काही दिसण्याच्या आधीच.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. डोळ्यासमोर पाहिलं ते आत्याच्या दुकानात.

तुळशीबागेमागच्या बोळात आत्याचं फॉल-पिकोचं दुकान आहे. दोन मशिनं, एक स्टूल आणि भिंतभर रिळांचे खण. गिऱ्हाईक साडी समोर टाकतं, आत्या पदराचं टोक दोन बोटांत धरते आणि दुसऱ्या हाताने रीळ काढते. मोरपंखी, रामा, चिंतामणी, अंजिरी, वांगी, मोतिया : नुसती नावं घेतली तरी तिचा हात बरोबर त्या खणाकडे जातो. तिच्याकडे कामाला असलेली मुलगी मला एकदा हळूच म्हणाली, "ताई, आत्या हल्ली दिवेलागणीनंतर रीळ मलाच काढायला सांगतात." चौकशी केली तेव्हा कळलं, रामा रंगाच्या साडीला मोरपंखी दोरा लागला होता. एका लिंबू रंगाच्या साडीला मोतिया. दुपारी असं होत नव्हतं, संध्याकाळीच व्हायचं.

आत्याचं म्हणणं, "अगं, ट्यूब जुनी झालीय. सुई मी अजून माझी मी ओवते, डोळ्यांना काय धाड भरलीय?"

सुई ती खरंच ओवते. माझ्यासमोर ओवून दाखवली. पण तिला पंधरा-सोळा वर्षांपासून शुगर आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात घेऊन गेले.

इथे एक बाजूची गोष्ट सांगते. आत्या अंगाने काटकुळी आहे. "बारीक माणसाला कुठली शुगर" हे तिने स्वतःच कितीतरी वर्षं म्हटलं, आणि तिच्या शेजारच्या दुकानदारांनीही. हा समज पुण्यात तरी टिकायला नको होता. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास १९९३ पासून केला. त्यात दिसलं की आपली बाळं जन्मतः साधारण २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण मात्र त्या मानाने जास्त. दिसायला बारीक, आतून चरबी. अशा अंगकाठीत डायबेटिसचा धोका असतो. वजनकाट्यावर विसंबून शुगर न तपासणाऱ्या माणसांना ती उशिरा कळते, आणि डोळे तर ती त्याहूनही उशिरा तपासतात.

आत्याची तपासणी झाली. चष्म्यासह दोन्ही डोळे ६/६. भिंग वयाच्या मानाने स्वच्छ. हे बघणं महत्त्वाचं होतं, कारण मोतीबिंदू होताना भिंग पिवळसर पडतं आणि त्यानेही निळ्या रंगाचा घोळ होतो. पडद्याचा फोटो काढला. एका डोळ्यात दोन-तीन बारीक लाल ठिपके, तेही मधल्या भागापासून लांब. दुसरा डोळा साफ. ओसीटीत सूज नाही. एवढ्यावर "अगदी सुरुवातीची अवस्था, वर्षाने या" असं लिहून चिठ्ठी देता आली असती, आणि त्यात चूक काही नव्हती. पण फिकट होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता आत्याला दिला तर ती निम्म्यातच थांबली. "पुढं काही लिहिलंच नाहीये," म्हणाली. लिहिलेलं होतं. आणि ओसीटीत गँग्लियन पेशींच्या, म्हणजे पडद्यातल्या एका प्रकारच्या मज्जापेशींच्या, थराची जाडी तिच्या वयाच्या निरोगी माणसांत असते त्यापेक्षा कमी दिसत होती. असा थर काचबिंदूतही पातळ होतो, म्हणून डॉक्टरांनी डोळ्याचा दाब, डोळ्याच्या नसेचं पडद्यावरचं टोक आणि फील्ड टेस्ट (कडेपर्यंतची नजर) असं सगळं तपासून काचबिंदू नाही याची खात्री केली. मग म्हणाल्या, रंगांची तक्रार शुगरमुळे असणं शक्य आहे.

आता हे होतं कसं ते सांगते, कारण हे समजलं की तपासणी टाळावीशी वाटत नाही असा माझा अनुभव आहे.

पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा असतो. गर्भात तो मेंदूच्याच भागातून तयार होतो. त्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी, त्यांचा निरोप पुढे नेणाऱ्या पेशी आणि शेवटी गँग्लियन पेशी. या शेवटच्या पेशींचे दहा-बारा लाख तंतू एकत्र येऊन डोळ्याची मुख्य नस होते आणि मेंदूकडे जाते. वजनाच्या मानाने पाहिलं तर शरीरात सर्वाधिक ऑक्सिजन लागणाऱ्या ऊतींमध्ये पडद्याची गणना होते. अंधारात तर प्रकाश टिपणाऱ्या पेशींना उजेडापेक्षाही जास्त ऑक्सिजन लागतो. इतक्या भुकेल्या पेशींना पुरवठा करणाऱ्या रक्तवाहिन्या मात्र कमीत कमी ठेवलेल्या आहेत, कारण त्या प्रकाशाच्या वाटेत येतात.

पडद्यातल्या रक्तवाहिन्यांना बाहेरून, म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेकडून, हुकूम येत नाही. कुठे किती रक्त हवं हे पडद्यातल्याच पेशी ठरवतात : मज्जापेशी, त्यांना आधार देणाऱ्या म्यूलर पेशी आणि केशवाहिन्यांना बाहेरून धरून बसलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी. डोळ्यावर लुकलुकणारा प्रकाश टाकला की पडद्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कारण पेशींना जास्त काम पडलेलं असतं. डायबेटिस असलेल्या माणसांत हा प्रतिसाद मंदावलेला दिसतो, तोही पडद्याच्या फोटोत काहीही सापडत नसताना.

पडद्यातल्या पेशींत साखर शिरायला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. रक्तात साखर वाढली की आतही वाढते. ती पचवताना पेशींवर ताण येतो, सूज आणणारी रसायनं सुटतात, ग्लुटामेट हे मज्जापेशींमधलं निरोप पोचवणारं रसायन आवरण्याचं म्यूलर पेशींचं काम बिघडतं, आणि मज्जापेशी एकेक करून मरू लागतात. १९९८ साली बार्बर आणि सहकाऱ्यांनी डायबेटिस झालेल्या उंदरांच्या आणि माणसांच्या पडद्यांत असं पेशीमरण वाढलेलं दाखवलं. माणसाला याचं काय जाणवतं? धडपणे काहीच नाही. फिकट राखाडी पायरीची कड पटकन लक्षात येत नाही. सिंहगड रस्त्यावर समोरून गाडीचा झोत आला की नंतर नजर सावरायला वेळ लागतो. निळ्या-हिरव्यातला आणि पिवळ्या-पांढऱ्यातला बारीक फरक पुसट होतो. डायबेटिसमध्ये निळ्या-पिवळ्या रंगांची ओळख आधी ढिली पडते, हे जुनं निरीक्षण आहे. तक्त्यावरची अक्षरं मात्र पांढऱ्यावर काळी असतात, ठसठशीत. ती वाचायला जे लागतं ते बराच काळ शाबूत राहतं. म्हणून तर ६/६.

मग हे सगळं इतकी वर्षं बाजूला का राहिलं? मला याचं उत्तर फार विचार करायला लावतं. १९६० च्या सुमारास कुवाबारा आणि कोगन यांनी एक पद्धत काढली. मृत व्यक्तीचा पडदा ट्रिप्सिन या पाचक रसायनात ठेवायचा, म्हणजे मऊ भाग विरघळून जातो आणि उरते ती फक्त रक्तवाहिन्यांची जाळी. ती काचेवर पसरून रंगवली. तिच्यात डायबेटिसच्या रुग्णांच्या पेरिसाइट पेशी नाहीशा झालेल्या अगदी स्वच्छ दिसल्या. मोठा शोध होता तो, आजही पायाभूत आहे. पण विरघळून गेलेला तो मऊ भाग म्हणजेच मज्जापेशी होत्या. त्याच काळात, १९६१-६२ मध्ये, वोल्टर आणि ब्लडवर्थ यांनी मरणाऱ्या मज्जापेशींबद्दल लिहिलं होतं. ते मागे पडलं. दवाखान्यातही तेच : मज्जापेशींचे थर पारदर्शक असतात, तसे नसते तर प्रकाश आत पोचलाच नसता. आत डोकावलं की दिसतं ते लाल. १९९१ मध्ये ओसीटीचं तंत्र प्रसिद्ध झालं आणि पुढे यंत्रं दवाखान्यांत आली, तेव्हा कुठे जिवंत माणसाच्या पडद्याचे थर मोजता यायला लागले.

रक्तवाहिन्यांचं नुकसान काही दुय्यम नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगते. नजर जाते ती शेवटी बहुतेकदा त्यांच्यामुळेच. पेरिसाइट गेल्या की केशवाहिनीची भिंत तिथे दुबळी होते आणि सायकलच्या ट्यूबला फुगा यावा तसा बारीक फुगा येतो. आत्याच्या फोटोतले ठिपके तेच. असे फुगे झिरपतात. पाणी आणि चरबी पडद्यात साचते, चरबीचे पिवळे ठिपके दिसतात. हे मधल्या भागात झालं, म्हणजे मॅक्युलाला सूज आली, की वाचताना ओळी वाकड्या दिसतात, अक्षरं पुसट होतात. दुसरीकडे काही केशवाहिन्या बंदच पडतात. तिथल्या मज्जातंतूंमधली वाहतूक अडते आणि फोटोत कापसाच्या बोळ्यांसारखे पांढुरके डाग उमटतात. मला हा डाग दिसला की पोटात कालवतं. रक्तवाहिनी बंद पडल्यामुळे मज्जातंतूवर काय गुदरतं ते त्या एका डागात कळतं.

रक्त न मिळणारा पडदा गप्प बसत नाही. तो एक रसायन सोडतो. १९४८ मध्ये मायकेलसन यांनी असं काहीतरी असलं पाहिजे असा अंदाज केला होता. १९९४ मध्ये एलो आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या डोळ्यांतल्या द्रवात व्हीईजीएफ हे प्रथिन वाढलेलं दाखवलं. त्याच्या प्रभावाने नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण त्या ठिसूळ असतात. एखाद्या सकाळी डोळ्यासमोर अचानक काळे धागे, जाळ्या, धूर असं काही आलं तर बहुतेक त्यातली एखादी फुटलेली असते. त्या दिवशीच डॉक्टरांकडे जायचं, "बघू दोन दिवस" नाही.

लेझर आणि इंजेक्शनं या दोन गोष्टींना आमच्याकडे माणसं फार घाबरतात. "लेझर केलं आणि शेजाऱ्यांचा डोळा गेला" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. बहुतेक वेळा शेजारी पोचले तेव्हाच आजार खूप पुढे गेलेला असतो. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं की नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या डोळ्यांत लेझरने नजर जाण्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटतं. पण लेझर कडेच्या पडद्यावर डाग देऊन, तिथल्या पेशींचा बळी देऊन मधली नजर वाचवतं. रात्रीची नजर आणि कडेची नजर थोडी कमी होऊ शकते. हे रुग्णाला आधी सांगितलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी सांगितलेलं माणूस स्वीकारतो, नंतर कळलेलं नाही. इंजेक्शनं व्हीईजीएफला रोखतात, सूज उतरते, अनेकांना पुन्हा वाचता येतं. पण एका इंजेक्शनात काम होत नाही, ती परत परत घ्यावी लागतात, आणि मध्येच सोडणाऱ्यांचं नुकसान होतं. "डोळ्यात सुई" या कल्पनेनेच थरकाप होणाऱ्या आजी, डोळा बधिर करून इंजेक्शन झाल्यावर "झालं? एवढंच?" म्हणतात, हेही रोजचंच.

मज्जापेशींसाठी मात्र असा खात्रीचा उपाय अजून हातात नाही. युरोपात ब्रिमोनिडीन आणि सोमॅटोस्टॅटिनचे थेंब घालून दोन वर्षांची चाचणी झाली. सगळ्यांचा मिळून फायदा दिसला नाही, ज्यांच्यात मज्जापेशींचा दोष आधीपासून मोजता येत होता त्यांच्यात तो वाढला नाही एवढंच. त्याच अभ्यासात काही जणांच्या रक्तवाहिन्यांत बदल होते आणि मज्जापेशींच्या तपासण्या मात्र नॉर्मल. म्हणजे सगळ्यांत आजार एकाच क्रमाने चालतो असं नाही. "डोळ्यांच्या नसांसाठी" म्हणून महागड्या गोळ्यांच्या बाटल्या घेऊन लोक येतात तेव्हा मला वाईट वाटतं. तेवढे पैसे तपासणीवर खर्च झाले असते तर बरं, असं वाटतं.

उपाय आहे तो साखर आणि बीपी आवरण्याचा. १९९३ ची डीसीसीटी चाचणी टाइप १ च्या रुग्णांत झाली. साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. टाइप २ मध्ये १९९८ च्या ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस चाचणीने साखर आणि रक्तदाब दोन्ही आवरण्याचा फायदा दाखवला. एक गोष्ट मात्र फार कमी लोकांना ठाऊक असते. वर्षानुवर्षं चढलेली साखर एकदम खाली आणली तर सुरुवातीला काही डोळ्यांत आजार थोडा वाढू शकतो. पुढे जाऊन फायदाच होतो, म्हणून घाबरून औषध सोडायचं नाही, पण इन्सुलिन किंवा नवं जोरदार औषध सुरू करायच्या आधी पडदा तपासून घ्यायचा. आत्याची साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) नऊच्या वर होती. तिच्या डॉक्टरांनी ती टप्प्याटप्प्याने खाली आणायचं ठरवलं, आणि आम्ही वर्षाऐवजी सहा महिन्यांनी फोटो घ्यायचं. दुकानात ट्यूबही बदलली. तिच्या म्हणण्यात तेवढं तथ्य होतंच, चांगल्या पांढऱ्या उजेडात तिला रंग खरंच बरे ओळखू येतात. तरी दिवे लागल्यानंतर रामा आणि मोरपंखीची रिळं मुलगीच काढते, असं दोघींनी मिळून ठरवलंय.

पायाला मुंग्या येतात हे लोक सांगतात, डोळ्याच्या बाबतीत मात्र कुणी असं काही सांगत नाही. बुबुळावरच्या पारदर्शक भागातही बारीक मज्जातंतू असतात आणि डायबेटिसमध्ये तेही विरळ होतात. मग डोळा कोरडा पडतो, आणि कण गेला तरी टोचत नाही. आपल्या रस्त्यांवर दुचाकी चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं : टोचत नाही म्हणजे जखम नाही असं नव्हे. डोळा लाल आहे आणि दुखत नाही, तरी दाखवा.

तपासणी कधी? टाइप २ असेल तर निदान झालं त्याच वर्षी, कारण शुगर कळण्याआधी ती कित्येक वर्षं असू शकते. मग दरवर्षी. टाइप १ मध्ये पाच वर्षांच्या आत सुरुवात. आधीपासून डायबेटिस असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच, कारण गरोदरपणात आजार भराभर वाढू शकतो. आणि नुसता नंबर काढून घेणं म्हणजे तपासणी नव्हे. साखर वरखाली झाली की भिंगात पाणी जाऊन नंबरही वरखाली होतो; साखर स्थिर नसताना चष्मा केला तर तो महिन्याभरात निरुपयोगी ठरतो. बाहुली मोठी करून पडदा बघायला सांगा. थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं पुसट दिसतं, उन्हाने डोळे दिपतात. स्वतः गाडी चालवत येऊ नका, रिक्षाने या किंवा कुणाला तरी बरोबर आणा, गॉगल ठेवा. "स्कूटर आणलीय, थेंब नको" म्हणून परत गेलेल्या काकांची फाइल माझ्याकडे अजून रिकामीच आहे.

आणि फोटो किंवा ओसीटी काढला की त्याची प्रत मागून घ्या, मोबाइलवरही चालते. गाव बदलतं, डॉक्टर बदलतात, दवाखान्यातला कॉम्प्युटर बदलतो. एकट्या फोटोवरून ठिपका नवा की जुना हे सांगता येत नाही. थर आधीच पातळ होता की या वर्षी झाला, तेही नाही. येताना गेल्या वर्षीचा फोटो घेऊन आलात, तर ते दोन्ही शेजारी शेजारी लावून बघता येतं.